कायम आणि कंत्राटी

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा सगळा भार एकाच दिवशी वर-खाली होऊ नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. त्यात आमच्याकडे गुरुवार आला. त्यामुळे लेथवर, प्रेसवर किंवा पॅकिंगच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाचा रविवार हा कामाचा दिवस. चर्च मात्र भरतं रविवारी सकाळी.

मी ज्या मंडळीत लहानाचा मोठा झालो तिथे ही अडचण कुणाला जाणवत नव्हती. बाकांवर बसणारे बरेचसे कामगार निवृत्त झाले होते. त्यांची मुलं बँकेत, शाळेत, हिंजवडीच्या कंपन्यांत लागली होती. वडील नोकरीत होते तेव्हा त्यांचीही सुट्टी गुरुवारीच असायची. पण कायम कामगाराला सेकंड शिफ्ट मागून घेता येते, अडल्यावेळी रजा टाकता येते. कंत्राटी पोराने खाडा केला तर त्या दिवसाची हजेरी जाते, आणि दोन-तीनदा केला तर गेट पासच जातो. कायम आणि कंत्राटी यांच्यातला हा फरक पगारपत्रकावर दिसतो, युनियनच्या भाषणात ऐकू येतो. तो उपासनेच्या वेळापत्रकातही असतो, हे मला चाकणला राहायला गेल्यावर कळलं.

वडील १९७२ च्या दुष्काळानंतर राहुरीकडच्या एका खेड्यातून पिंपरीला आले. गावात खडी फोडायचं काम होतं, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी होत्या आणि पाण्यासाठी रांग होती. पिंपरीत तेव्हा कारखान्यांची भरती चालू होती. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं, मग टेल्को, आकुर्डीची बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती कुटुंबं एकमेकांच्या ओळखीने या भागात येत राहिली. एकजण लागला की तो मेहुण्याला बोलवायचा, मेहुणा गावच्या पाळकाच्या मुलाला. वडिलांनी पहिली काही वर्षं पत्र्याच्या खोलीत चौघांबरोबर काढली. मग ते कायम झाले, कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड मिळालं, बोनस सुरू झाला, पतपेढीचं कर्ज झालं आणि शेवटी प्राधिकरणाच्या वसाहतीत घर. आमचं चर्च अशाच माणसांच्या वर्गणीतून उभं राहिलं. साक्ष द्यायला उभा राहणारा प्रत्येक जण ‘देवाने मला पत्र्यातून स्लॅबखाली आणलं’ अशा अर्थाचं काहीतरी सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं.

पण पत्र्याच्या खोल्या कुठे नाहीशा झाल्या नव्हत्या. त्या नाशिक रस्त्याने उत्तरेला सरकल्या होत्या. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. त्यांच्यामागोमाग पुरवठादार आले. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी या गावांत शेतांच्या बांधावर चाळी उठल्या. मी आणि माझी बायको महाळुंग्याच्या बाजूला अशाच एका चाळीत राहायला गेलो. ती नर्स आहे, मी हिशोबाची कामं करतो. दोघांच्या कमाईवर घर चालेल, मंडळीकडून किंवा बाहेरून पैसा घ्यायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं.

असं वस्तीत जाऊन राहणं हा काही नवा प्रयोग नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये मुंबईत नागपाड्याच्या दाट कामगारवस्तीत नेबरहुड हाउस चालू केलं. कोणत्याही धर्माच्या माणसाने यावं, दवाखाना, वाचनालय, खेळ यांचा उपयोग करावा, अशी ती जागा होती. तिथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली आणि तिचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. जपानमध्ये तोयोहिको कागावा १९०९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोबे शहरातल्या शिंकावा झोपडपट्टीत राहायला गेला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. पुढे तो जहाजबांधणी कामगारांच्या संपाच्या पुढाऱ्यांत दिसतो. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. पुण्यात ताडीवाला रोडच्या वस्तीत रेव्हरंड भास्कर ओनावळे आणि डॉ. नीला ओनावळे यांनी १९७५ मध्ये ‘दीपगृह’ सुरू केलं. या सगळ्यांची कामं निरनिराळी, पण कामाची सगळी दिशा आधी ठरली आणि मग ते लोकांत गेले असं मला दिसत नाही. लोकांत राहिल्यावर बरंचसं काम त्यांच्यासमोर आलं, असं मला वाटतं.

आमच्याही बाबतीत तसंच झालं. जाताना माझ्या डोक्यात बायबल अभ्यास, मुलांचे वर्ग, व्यसनमुक्ती असं काय काय होतं. चाळीने पहिल्यांदा शिकवलं ते भाडेकरू होणं. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, पुढे अरुंद ओटा, मागे सामाईक संडास. पाणी सकाळी तासभर. विजेचा सबमीटर मालकाचा आणि युनिटचा दरही मालकाचाच. पाहुणा मुक्कामाला असेल तर आधी विचारायचं. एका खोलीत सहा-सात पोरं. फर्स्ट शिफ्टचा उठला की नाइटवाला त्याच्या गादीवर झोपणार. मालक काही खलनायक नव्हता. त्याची जमीन एमआयडीसीत गेली होती. आलेल्या पैशातून त्याने उरलेल्या तुकड्यावर चाळ बांधली, मुलाला टँकर घेऊन दिला. शेती हातची गेल्यावर भाडं हेच त्याचं पीक झालं होतं. बाहेरून येऊन ‘मालक पिळवणूक करतो’ असं लिहिणं सोपं असतं. त्याच्याच नळावर बादली लावणाऱ्याला त्याच्याशी रोज बोलावं लागतं, आणि त्या बोलण्यातून कधी तास दीड तासाचा होतो, कधी संडासाला दिवा लागतो.

पहिल्या उन्हाळ्यात एक गोष्ट लक्षात आली. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली झोपणं अशक्य असतं. नाइट करून आलेली पोरं चादर ओली करून अंगावर घेतात, ती अर्ध्या तासात वाळते, मग पुन्हा उठून भिजवतात. काही जण गावठाणातल्या देवळाच्या ओट्यावर जाऊन पडतात. रात्री अकराला हीच पोरं प्रेसवर उभी राहतात. प्रेसचा सेन्सर उत्पादन अडतं म्हणून कधी बंद केलेला असतो. पहाटे तीन-चारच्या सुमाराला डोळा लागतो आणि बोट डायखाली जातं. अपघाताच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं जातं. त्याच माणसाला दुपारी दोन वाजता मी चादर पिळताना पाहिलेलं असे. बोट यंत्रात गेलं खरं, पण अपघाताची सुरुवात पत्र्याखाली झाली होती. कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन मदत करणाऱ्या संस्थेला हा दुवा दिसत नाही, कारण तो दुपारच्या झोपेत आहे.

लातूरकडचा एक पोरगा असाच पहाटे हाताला फडकं गुंडाळून दारात उभा राहिला. ‘भाऊ, ताईला उठवा,’ एवढंच म्हणाला. बायकोने रक्त थांबवलं, आम्ही त्याला रिक्षात घालून नेलं. ठेकेदाराच्या माणसाने वाटेतच फोन करून सांगितलं की खाजगी दवाखान्यात न्या, बिल आम्ही देऊ, नोंद करू नका. तेव्हापासून माझं खरं काम सुरू झालं. कामावर अपघात झाला तर ईएसआयचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, त्यासाठी किती दिवस भरले हा प्रश्न येत नाही. हात बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. कोणतं बोट, त्याची किती पेरं गेली, यावरून कायमच्या अपंगत्वाचे टक्के ठरतात आणि त्याप्रमाणे पुढे भरपाई चालू राहते. पण हे सगळं अपघाताचा अहवाल भरला गेला तर. खाजगी दवाखान्यात टाके पडले, बिल ठेकेदाराने दिलं आणि नोंद झालीच नाही, तर तीन महिन्यांनी त्या पोराच्या हातात तीन बोटं आणि गावचं तिकीट एवढंच उरतं. आम्ही अहवालासाठी हटून बसलो. तो भरला गेला. ठेकेदाराने त्याला परत कामावर घेतलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पहिलीसाठी दुसरीची किंमत मोजावी लागते, हे त्या पोराला आधी स्पष्ट सांगून त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यायचा, हा नियम तेव्हापासून केला.

मग कागद घेऊन येणारे वाढले. पीएफच्या खात्यावर नाव एक, आधारवर दुसरं. वडिलांच्या नावाऐवजी आडनाव. जन्मतारीख एक जानेवारी. दुरुस्तीला तेव्हा काम देणाऱ्या ठेकेदाराची सही लागायची आणि ज्याने खातं काढलं त्याने नाव बदलून दुसरी एजन्सी उघडलेली असायची. सात महिने झाले की ब्रेक. पोरांना वाटतं कंपनीची पद्धत आहे. वर्षभरात २४० दिवस भरले तर कायम करण्याचा दावा उभा राहू शकतो, म्हणून सातव्या महिन्यातच नाव कमी होतं. ब्रेकमुळे आणखी एक गोष्ट हातची जाते: आजारपणाचा भत्ता मिळायला ईएसआयच्या सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि ब्रेक घेऊन नव्या ठेकेदाराकडे लागलेल्याचे दिवस बऱ्याचदा तेवढे होत नाहीत. कावीळ झालेला माणूस बिनपगारी पडून राहतो, कार्ड खिशात असूनही.

बायकोचं काम वेगळ्या वेळी चालायचं. बायका दुपारी येत, पुरुष कामावर गेल्यावर. पॅकिंगला, हाउसकीपिंगला, कॅन्टीनला जाणाऱ्या बायका दिवसभर पाणी कमी पितात, कारण लाइन सोडून जाता येत नाही, आणि सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो. मूत्रमार्गाच्या जळजळीच्या तक्रारी त्यामुळे सारख्या. गरोदर बाईचं नाव कुठे नोंदवायचं हा मोठा प्रश्न. सासर परभणीला, माहेर नांदेडला, राहणं इथे. ‘बाळंतपणाला गावी जाणार’ असं सांगून ती इथे नाव घालत नाही आणि आठव्या महिन्यात रक्त कमी निघतं. आरोग्य खात्याच्या आशाताईंशी ओळख वाढवून, त्यांच्या फेरीच्या दिवशी चाळीतल्या बायकांना एकत्र बसवणं, एवढंच बायकोने केलं. त्यात मिशन कुठे आहे असं आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘काका, हिमोग्लोबिन साडेसात होतं, ते दहा झालं.’

‘तुम्ही लोकांना बाटवायला आलात का?’ हा प्रश्न येणारच होता. गावातली चार तरुण पोरं एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली. चहा झाला. मी सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, विचारलं तर का आहे तेही सांगेन. पण कुणाचा फॉर्म भरताना मी प्रार्थना करत नाही, प्रार्थनेनंतर कुणाला पैसे देत नाही. आमच्या घराण्याने हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत नगर भागातली कितीतरी कुटुंबं मिशनच्या आसऱ्याला आली, आणि ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हे वाक्य त्यांच्या नातवंडांनाही चिकटलं. भाकरी देणाऱ्या हाताने धर्म दिला की घेणाऱ्याचा विश्वास कायमचा संशयित होतो, हे मी घरातच पाहिलंय. म्हणून हा नियम त्या पोरांच्या समाधानासाठी केलेला नव्हता. तरीही नाजूक प्रसंग येतात. पोर तापाने फणफणलेलं असतं, आई म्हणते ‘भाऊ, तुमच्या देवाला सांगा.’ तेव्हा आम्ही प्रार्थना करतो, आणि बायको त्याआधी पॅरासिटामॉल देते. पोर बरं झाल्याचं श्रेय कुणाला, यावर चाळीत वेगवेगळी मतं असतात.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या खोलीत प्रार्थना असते. मार्गशीर्षात त्याच संध्याकाळी शेजारच्या बायकांची महालक्ष्मीची मांडणी. त्या आधी आमच्याकडे येऊन बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं करतात. कुंकू ती लावत नाही, फळ घेते, कहाणी ऐकते. मग त्यातल्या दोघी-तिघी आमच्या गाण्याला येऊन बसतात. देहू आणि आळंदी इथून जवळ. अभंगाच्या चालीवरचं भजन असेल तर टाळ धरायला त्यांना सांगावं लागत नाही. टिळकांनी ख्रिस्ती भजनाला अभंगाचं वळण दिलं, त्याचा उपयोग शंभर वर्षांनी महाळुंग्यात होतो आहे.

या प्रार्थनेनेच मला सगळ्यात मोठा धक्का दिला. मी समजत होतो की या चाळींत ख्रिस्ती म्हणजे आम्ही दोघंच. दुसऱ्याच महिन्यात कोपऱ्यातल्या खोलीतली पोरं दारात उभी राहिली. झारखंडच्या सिमडेगा, गुमला भागातली, आदिवासी. त्यांच्या घरात तीन-चार पिढ्यांचा ख्रिस्ती विश्वास. मोबाइलवर सादरीतली भजनं. चाकणला येऊन त्यांना वर्षं झाली होती आणि एकदाही चर्चला जाता आलं नव्हतं. रविवारी ड्युटी, आणि गुरुवारी चर्चला कुलूप. आमची मंडळी तेव्हा ‘सुवार्ता न पोचलेल्या लोकांसाठी’ दर महिन्याला प्रार्थना करत होती. नाशिक रस्त्यावर तासाभराच्या अंतरावर तिचीच भावंडं ढोलक नसल्यामुळे पत्र्याच्या डब्यावर ताल धरून गात होती. मिशन म्हणजे आपल्याजवळचं काही नसलेल्यांना नेऊन देणं, ही माझी कल्पना त्या खोलीत संपली. त्यांच्याकडे गाणी होती, विश्वास होता. त्यांना सुट्टीच्या दिवशी उघडा असलेला एक दरवाजा हवा होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा याच पोरांनी चाळीची यादी केली: कोणाकडे किती तांदूळ, कोणाकडे गॅस, कोणाच्या घरी लहान मूल. ठेकेदारांचे फोन बंद होते. आम्ही प्राधिकरणातून शिधा आणायची खटपट करत होतो, पास मिळत नव्हता. त्या आठवड्यात आमच्या खोलीत चूल पेटली ती त्यांच्या तांदळावर. एक मेपासून श्रमिक गाड्या सुटायला लागल्या. नावनोंदणीचे फॉर्म आम्ही रात्र रात्र भरले, तरी कित्येक जण वाट न पाहता आधीच पायी निघून गेले होते. परत आले ते सहा महिन्यांनी, नव्या ठेकेदाराकडे, नव्या खात्यासह, हिशोब पहिल्यापासून.

मंडळीत कुणी आमच्या ‘त्यागा’बद्दल बोलायला लागलं की मला अवघडतं. आमच्याकडे आरोग्य विमा आहे. वडिलांचं घर आहे. कावीळ झाली तर आम्ही त्या घरी जाऊन पडू, शेजारचा पोरगा चाळीतच पडेल. एका खोलीत राहिल्याने हा फरक मिटत नाही आणि तो मिटलाय असं वागणं शेजाऱ्यांची थट्टा ठरते. चाळीतली एक आजी सरळच म्हणाली, ‘तुमी हौसेनं ऱ्हाता, आमी नाइलाजानं. पण ऱ्हाता ते बरंय.’ यापेक्षा नेमकं मूल्यमापन कुणी केलेलं नाही.

त्यामुळे सगळ्यांनी सामान बांधून चाळीत यावं, असा माझा आग्रह नाही. मला सांगायचंय ते आमच्या मंडळीविषयी आहे. पत्र्यातून स्लॅबखाली आलो ही देवाची कृपा, असं आम्ही म्हणतो. पण त्या कृपेत युनियन होती, कायद्याचं कलम होतं, भरतीचा काळ होता, फाटकासमोर काढलेल्या संपातल्या उपाशी रात्री होत्या. साक्ष देताना हा भाग गळला की कायम होणं हे विश्वासाचं फळ वाटू लागतं आणि कंत्राटी राहणं हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण. हा हिशोब चुकीचा आहे. आमचे वडील आजच्या पोरांहून जास्त धार्मिक नव्हते. ते लवकर आले होते.

हे मी मंडळीत बोललो तेव्हा काहींना राग आला. वडिलांच्या बरोबरीचे काही निवृत्त कामगार मात्र पुढच्या गुरुवारी बसने चाळीत आले. एकेकाळी युनियनच्या कचेरीत बसलेली माणसं. देणगी आणली नव्हती. चष्मा आणला होता. कुठला पगार कुठल्या रकान्यात दाखवला, ओव्हरटाइम दुप्पट लावला का, दिवस कुठे कापले, हे ते पगारपत्रक हातात घेतल्याबरोबर सांगतात. आता ते बहुतेक गुरुवारी येतात, प्रार्थनेच्या आधी तासभर ओट्यावर बसतात. त्यातले एक काका, ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या कायमपणासाठी कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, ब्रेक लागलेला पोरगा समोर आला की आधी त्याचं नाव-गाव विचारत नाहीत. विचारतात, ‘हजेरी कार्डाचा फोटो काढून ठेवलास का?’